लाट

मी लाकूड पानांवरून ओळखत नाही,
पात्यावरून ओळखतो.
संध्याकाळी करवतीचा पट्टा उतरवून समोर घेतला
की दातांवरून बोट फिरवायचं.
आंबा दिवसभर कापला तर दात नुसते चिकट.
साग तेल सोडतो; माणसांत राहिलेलं झाड ते.
ऐन चुना ठेवून जातो.
बाभळीत खिळे निघतात, ते तिचे नसतात,
तिच्याला गुरं बांधणाऱ्यांचे असतात.
आणि अंजन असेल
तर बोट सरळ फिरतं. दातच नसतात.

जुन्या आग्रा रोडवरच्या आमच्या वखारीत
नांदगावहून टेम्पोतून आली ती,
तेलघाण्याची लाट, साडेसहा फूट,
आणि सोबत वेणूबाई वालझाडे, पायांत मुलाचे निळे बूट.
करसनभाईंनी लाट काट्यावर घातली,
आकडा पाहिला, मग काटाच ठोकून पाहिला.
"आत लोखंड आहे का, मावशी?"
"आत बैल आहे," ती म्हणाली.
"एकामागून एक सात. सगळे गोल फिरून मेले."

तिला पोळपाट हवा होता.

मी सवयीनं सांगून पाहिलं:
घनफुटाला सदतीस किलो, सागाच्या दुप्पट.
पाण्यात तरंगत नाही.
वाळवी तोंड लावते आणि दुसरं घर बघते.
खिळा वाकतो, आधी गिरमिट लावावं लागतं
आणि भोकातून धूर येतो.
गाडीच्या चाकाचा तुंबा याचा करावा,
खांब करावा, मुसळ करावं.
सालीचे दोर वळायचे लोक,
आणि चैत्रात गवत संपलं की पाला गुरांपुढं,
दोन दोन पानं देठाशी जोडलेली,
उघडून पालथ्या ठेवलेल्या वहीसारखी.
सगळं करावं, पण पोळपाट?
चिरतो हा. शिवाय उचलवणार नाही तुम्हांला.

"उचलायचाय कुणाला?
सुनेचा ओटा आहे काळ्या गुळगुळीत फरशीचा.
हलका पोळपाट लाटण्याबरोबर फिरतो,
आणि पोळीला नकाशे येतात."
मग जरा थांबून,
"उरलं तर लाटणंही काढा. लाटेचंच लाटणं."
स्वतःच हसली, करसनभाईंना कळलं नाही.

पट्टा कण्हला.
आधी पांढरी कड, बोटभर रुंद.
मग तांबडं,
मग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं काळं, जांभळ्या रेघांचं.
आणि वास.
रोहिदास हमालानं वडापाव कागदावर ठेवला
आणि रस्त्याकडे पाहिलं,
त्याला वाटलं कुणीतरी फोडणी देतंय.
वेणूबाईनं भुसा चिमटीत धरला, हुंगला.
"हा तीळ. करडई आणखी वर लागेल."
घाणा थांबून एकतीस वर्षं झाली होती.

तीन पाती गेली. बिलात दोन लागली.
तिसऱ्याला रात्री साडेदहापर्यंत मी कानस मारत बसलो,
एकेका दाताला नाव ठेवत.

उरलेला ठोकळा, मुठीएवढा, खिशात होता.
घरी जाताना रामकुंडावर थांबलो
आणि रोहिदासशी चहाची पैज लावून टाकला पाण्यात.
दगडासारखा गेला.
तिथं दोरीला चुंबक बांधून
नाणी शोधणारी पोरं होती, तिघं.
एकानं लगेच चुंबक सोडलं तिथंच,
फिरवलं, ओढलं, रिकामं आलं.
"काय टाकलं, काका?"
"लाकूड."
"मग वर का येत नाही?"
चहा रोहिदासला पाजावा लागला नाही, त्यानंच पाजला,
पण पोराला काय सांगावं ते सुचलं नाही.

दिवाळीनंतर वखारीच्या फोनवर वेणूबाई:
पोळपाटाला चीर गेलीय, केसाएवढी.
म्हटलं होतं मी.
"असू दे. पीठ भरलं तिच्यात."
मागं कुकरची शिट्टी, कुणाचं तरी रागावणं,
लाटण्याचा जड आवाज.
"फिरत मात्र नाही हो," ती म्हणाली.
"एवढंसुद्धा फिरत नाही."